स्टीलची पट्टी वाकत नाही

दि. ९ जानेवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट परवा आलं. पत्र दीड पान आणि फोटो एक. इतक्या महिन्यांनी लिहिलंस, तेही दीड पान. तुझी आई तुला घुम्या म्हणायची ते उगाच नव्हे. माझी बहीण असती तर तिनेच तुझा कान धरला असता. ती नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे, आणि कामात कुचराई करायची मला सवय नाही.

फोनवर बोलू म्हणतोस. फोनवर तू नुसता हं-हं करतोस आणि तू जेवलास की नाही हेही मला कळत नाही. कागद पुढ्यात असला की माणसाला काहीतरी लिहावंच लागतं. शिवाय फोनमधलं चित्र नखाएवढं. मी पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नळांच्या रेघा शाईने ओढल्या. चित्र टेबलावर पसरावं, त्यावर ओणवं व्हावं आणि मग बोलावं, हा माझा शिरस्ता आहे. तेव्हा पोस्टानेच पाठवत जा.

गोदामातून आल्यावर तू लहानपणच्या त्या व्हिडिओ गेमच्या डब्यासाठी नवा खेळ रचतोस, हे वाचलं. असे जुने डबे जपणारे लोक वसंतात एका मेळाव्याला जमतात आणि तुला तो त्यांना दाखवायचा आहे, हेही समजलं. पण एक साधी तिरपी रेघ काढताना तुझा जीव मेटाकुटीला आला आहे, हे मात्र डोक्यात शिरत नाही. एक टोक इथे, दुसरं तिथे, मध्ये पट्टी. यात अडायचं काय? नीट समजावून लिही. आणि फोटोतली रेघ मध्यावर वाकली आहे. निघते ठीक, मध्येच पोट काढते, मग पुन्हा सरळ होते. आमच्या खात्यात असा कागद साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलाच नसता.

इकडचं म्हणशील तर तुझा थोरला मामा दर रविवारी येऊन तेच तुणतुणं वाजवतो. एकटी काय राहतेस, ही जागा देऊन टाक, आमच्या मागच्या खोलीत ये. त्या खोलीला एकच खिडकी, तीही त्याच्या गाडीच्या शेडमध्ये उघडते. मी त्याला सांगितलं, की माझे डोळे धड आहेत तोवर मी या घरातून हलणार नाही. ज्या दिवशी मला माझं वर्तमानपत्र वाचता येणार नाही, त्या दिवशी बोल. तो म्हणाला, लेखी दे. मी दिलं. खाली सही केली, तारीख घातली.

केस कापून घे. फोटोच्या कोपऱ्यात काचेवर तुझं डोकं दिसतं आहे, ते पाहवत नाही. लोभ आहेच. तो वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, ते तुझं उत्तर किती पानी येतं त्यावर ठरवीन.

तुझी,
मावशी

दि. २० जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तीन पानं भरल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलो आहे. अक्षर मोठं काढतो आहे, हे तुझ्या लक्षात येईलच.

तुझ्या स्वयंपाकघराची जमीन बघ. चौकोनी फरशा, ओळीने बसवलेल्या. या डब्याचा पडदा तसाच असतो. आडव्या बत्तीस, उभ्या तीस. डब्याला एकेका ठिपक्याला हात लावता येत नाही. कुठल्या जागी कुठली फरशी ठेवायची, एवढंच त्याला सांगता येतं. प्रत्येक फरशी आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. आणि फरशांचे नमुने एका वेळी दोनशे छप्पनच ठेवता येतात. जागा साडेनऊशेच्या वर, नमुने एवढेच. म्हणजे तेच तेच नमुने पुन्हा वापरायचे.

आता तिरपी रेघ ओढायची म्हणजे ती ज्या ज्या फरशीवरून जाईल तिथे रेघेचा तेवढा तुकडा असलेला नमुना लागतो. एकीत ती कोपऱ्यातून निघते, दुसरीत मधून, तिसरीत नुसतं टोक शिवते. पाचसात रेघा ओढल्या, त्या एकमेकींना छेदल्या, की नमुने संपले. आणि यंत्राला हे नमुने बदलताही येतात ते फक्त टीव्हीचा किरण पडद्याच्या तळाशी पोचून पुन्हा वर जाईपर्यंत. पापणी लवते तेवढ्यात. म्हणून जीव मेटाकुटीला.

खेळ काय आहे ते मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण लाज वाटली. डोंगरावर एक टाकी आहे, खाली गाव. एक बाई आहे, तिच्या हातात पट्टी आणि शाईचं पेन. तिने टाकीपासून घरापर्यंत रेघ ओढली की त्या घरी पाणी जातं. उतार चुकला की पाणी अडतं आणि ती बाई कपाळावर आठ्या घालून खेळणाऱ्याकडे बघते. तिला अंबाडा आहे. बाकी तू ओळखशील.

इथे ठीक आहे. खोलीतला जोडीदार लग्न करून गेला. त्याची खाट तशीच आहे, तिच्यावर मी वायरी पसरतो. गोदामात दिवसभर हातातलं यंत्र खोक्यांवर धरायचं, ते टिंग करतं. कधी कधी दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणीतरी बोलतं. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

रेघेच्या बाकाचं कारण मला वाटतं टीव्हीची काच. ती फुगीर असते, तिचा फोटो काढला की असं होतं. म्हणून या खेपेला संगणकावरून थेट कागदावर छापून पाठवतो. आता बाक दिसायचा नाही. तीन पानं झाली. आता लोभात वाढ व्हावी, अशी अर्जदाराची विनंती.

तुझा,
घुम्या

दि. २ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पानं मोजली. अडीच आहेत, तिसऱ्यावर नुसती सही. पण समजावलंस चांगलं, अगदी माझ्या मठ्ठ शिकाऊ पोरांना समजेल असं.

अंबाडा मी जन्मात घातला नाही. वेणी वळून वर पिना लावायची. दुरुस्त कर. आठ्या असू देत.

तुझ्या अडचणीवर तोडगा सांगते. आमच्याकडे त्रिकोणी सेट-स्क्वेअर असायचे, त्यांच्या कडेने ठरावीक कोनच निघत. मनाला येईल त्या कोनात रेघ ओढायची मुभा फार थोड्या ठिकाणी असे, कारण खोदणाऱ्या मजुराला तो कोन जमिनीवर उतरवायचा असतो. तूही खेळणाऱ्याला हवा तो कोन देऊ नकोस. सहा-सात उतार ठरव. एका उताराच्या सगळ्या रेघा समांतर, मग त्यांचे तुकडेही तेच. दहा घरांना एकाच नमुन्यात पाणी जाईल. मोकळीक कमी केली की गरजही कमी होते, हे मी तुला संसाराबद्दल सांगत नाहीये, फरशांबद्दल सांगते आहे.

आता छापलेल्या कागदाबद्दल. त्यातही रेघ वाकली आहे. काचेवर ढकलू नकोस, इथे काच नाही. वाकली आहे तिथे लाल पेन्सिलीने गोल करून कागद परत पाठवते आहे. विचित्र एवढंच, की काल पाहिलं तेव्हा बाक मला जरा वर वाटला होता. पण आज जिथे दिसला तिथे खूण केली. एखादा तुकडा तू ठिपकाभर खाली बसवला असशील. शोध.

संध्याकाळी जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की अजून वाटतं, कचेरीचा शिपाई नकाशे घेऊन आला. तो रिटायर होऊनही जमाना झाला. तुझे कागद येतात ते बरं वाटतं. तेवढ्याने डोक्यावर चढून बसू नकोस.

लाल पेन्सिलीसकट तुझी,
मावशी

दि. १७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा तोडगा अचूक लागला. सात उतार ठेवले आणि नमुने निम्म्यावर आले. बाईची वेणी वर बांधली.

मधल्या काळात एक फजिती झाली ती ऐक. दोन रेघा जिथे छेदतात त्या जागी मी नवीन नमुना न करता जुन्यातच दुसऱ्या रेघेचा तुकडा काढला. विसरलो, की तोच नमुना पडद्यावर आणखी वीसेक जागी बसला आहे. एका जागी बदल केला आणि गावभर प्रत्येक नळाला एकदम फांदी फुटली. मी एकटाच मोठ्याने हसलो, मग शेजारच्या भिंतीवर कोणीतरी ठोकलं.

पण तुझा बाक सापडत नाही. लाल खूण केलीस त्या फरशीचे सगळे ठिपके एकेक करून तपासले. मग तिच्या वरच्या, खालच्या, बाजूच्या. सगळे जागच्या जागी आहेत. मला काही दिसत नाही. पण तुझ्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही, तेव्हा चूक माझीच असणार. नमुने उतरवून घेणारा भाग सगळा पुसून नव्याने लिहायला घेतला आहे. त्यात बराच वेळ जाईल, खेळाच्या पुढच्या पायऱ्या तशाच राहिल्या आहेत. पण रेघच वाकडी असेल तर बाकीचं घेऊन काय करू?

नवीन छापा सोबत. वाकलेलं दिसलं तर कळव, आणि नाही दिसलं तर मुद्दाम कळव.

तुझ्या मायेवर डोळा ठेवून असलेला,
घुम्या

दि. ३ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिसलं. मुद्दाम कळवते.

माझाच भ्रम असेल असं तुझ्या मनात आलं असणार, तू लिहिलं नाहीस एवढंच. म्हणून मी रेघेवर माझी स्टीलची पट्टी ठेवली. तर पट्टीच मध्यावर वाकलेली. नोकरीत होते तेव्हापासूनची ती, इतकी वर्षं टिकली हेच खूप. तशीच उठले, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून नवी आणली. घरी येऊन बघते तर तीही बाकदार. परत केली. त्याने दुसरी दिली, ती दुकानातच उघडून पाहिली, तर तीच गत. मी दुकानदाराला म्हटलं, अहो, हल्ली स्टीलच्या नावाखाली काय विकता? त्याने दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना लावून उजेडाकडे धरल्या आणि म्हणाला, मधून उजेडाची तिरीपसुद्धा येत नाही, बाई. हे तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला जास्त राग आला. उद्धट असता तर उत्तर देता आलं असतं.

हल्ली सगळंच गचाळ. वर्तमानपत्राची छपाई बघवत नाही, शब्दाच्या मधलीच अक्षरं उडालेली असतात. तुझा मामा रविवारी आला होता. सहज म्हणून त्याने पेपर पुढे केला. मी मथळे धडाधड म्हणून दाखवले. मथळ्यात काय असतं, निम्मा अंदाजानेच कळतो. त्याने मागच्या खोलीला रंग दिला आहे म्हणे. देऊ दे.

तुझा भाग पुसून झाला का? मेळावा जवळ आला असेल. एकाच फरशीवर किती अडशील?

कडक पण तुझीच,
मावशी

दि. ८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे. फोन दोनदा केला, तू उचलला नाहीस.

मावशी, स्टीलची पट्टी वाकत नाही. एक वाकली असती तर मानलं असतं. तीन नाही.

सोबत एक छापा आहे. त्यात रेघ नाही, खेळ नाही. पडद्याच्या सगळ्या जागांवर मी एकच नमुना बसवला आहे: साधा चौकोन, दोन कडा काळ्या. वरपासून खालपर्यंत तोच. मधोमध पेनाने एक ठिपका मी हाताने दिला आहे. आता नीट ऐक. यंत्रात फरशी एकच आहे. ती एका जागी वाकडी असेल तर सगळीकडे वाकडी दिसायला हवी, माझ्या नळांना फांद्या फुटल्या होत्या तशी. एका जागी वाकडी आणि बाकी सरळ, हे या डब्यात होऊच शकत नाही. तू हिशेबाची पक्की आहेस, तुला हे पटेल.

चष्मा लाव. उजवा डोळा हाताने झाक, ठिपक्याकडे बघ. मग डावा झाक आणि पुन्हा बघ. जे दिसेल ते मला लिहू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांग, त्याच दिवशी. मी इथल्या एका चष्म्याच्या दुकानात जाऊन विचारलं, त्यांनी सांगितलं की यात वाट बघायची नसते.

मामाला दिलेली चिठ्ठी मला माहीत आहे. तू का जाणार नाहीस तेही माहीत आहे. तरी लिहितो आहे. रागाव.

घुम्या

दि. १३ मार्च

चि. घुम्यास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. छापा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तू तुझ्या खेळाकडे लक्ष दे, मोठ्यांना परीक्षा द्यायला बसवू नकोस.

मावशी

दि. १६ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. फोन वाजतो तो तुझाच, हे कळतं. बोलले असते तर आवाजावरून तुला समजलं असतं, म्हणून वाजू दिला.

छापा डब्यातून काढला. त्याला चहाचा चोथा लागला होता, पुसून टेबलावर पसरला. पटलं नाही असं म्हणायला मला जागाच ठेवली नव्हतीस. एकच फरशी, सगळीकडे. मी तो युक्तिवाद रात्रीच्या भाजीसारखा पुन्हा पुन्हा गरम करून पाहिला, कुठे फट सापडत नाही.

डावा झाकला, सगळं सरळ. उजवा झाकला आणि ठिपक्याच्या भोवती जाळी खाली झोळलेली, कुणी पिशवीत जड काहीतरी ठेवावं तशी. खुद्द ठिपका दिसेना. तो तू द्यायला विसरला असशील असं वाटून मी जरा बाजूला पाहिलं, तर होता.

मग भिंतीवरच्या तुझ्या आईच्या फोटोसमोर उभी राहिले, तसाच उजवा डोळा झाकून. चौकट दिसते. केस, खांदे, पदराचा काठ दिसतो. चेहरा नाही. बाजूच्या खिळ्याकडे पाहिलं की कडेला येते, तिच्याकडे पाहिलं की जाते. मी बराच वेळ खिळ्याकडे बघत उभी होते.

उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाते आहे. तुझ्या मामाला यातलं एक अक्षर कळवायचं नाही.

तुझी,
मावशी

दि. ६ एप्रिल

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद. उजव्या डोळ्याने लिहिते आहे, ओळी मधूनमधून उतरल्या तर समजून घे. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं आली. उत्तराला उशीर झाला, कारण सांगते.

डॉक्टर म्हणजे एक मुलगी आहे, तुझ्याहून लहान. तिने तपासण्याआधी पुढ्यात एक कागद ठेवला. चौकोनांची जाळी आणि मधे ठिपका. मी म्हटलं, असला घरी आहे माझ्याकडे, भाच्याने पाठवला. तिने विचारलं, भाचा डॉक्टर आहे का? मी म्हटलं, नाही, व्हिडिओ गेम करतो. त्यावर ती हसली आणि मग तपासताना अजिबात हसली नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली बारीक नसा झिरपताहेत. पाणी साठतं, पडदा फुगतो, म्हणून सरळ ते वाकडं दिसतं. म्हणजे साधी गळती. जन्मभर गावाच्या गळत्यांवर खुणा केल्या, घरातली दिसली नाही. डाव्या डोळ्याचं मधलं जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही. इंजेक्शनांनी गळती थांबवायची. उजवा स्वच्छ आहे, त्यावर रोज जाळीचा पहारा. पट्ट्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, आणखी काही दिवस पट्ट्या बदलत बसला असतात तर, आणि वाक्य अर्धंच टाकून तिने इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

इंजेक्शनच्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, मग आज होणार नाही, डोळा बांधून एकट्याला सोडत नाही. मी म्हटलं, मी सगळीकडे एकटीच जाते. त्या म्हणाल्या, हो, पण इथून नाही. घरी परत आले. जिन्याखाली कपडे शिवणारी राहते, तिच्याशी इतक्या वर्षांत माझं बोलणं म्हणजे तुमचं मशीन खडखडतं आणि तुमचे कपडे ठिबकतात, एवढंच. तिला विचारायला दारात उभी राहिले आणि दवाखान्याची चिठ्ठीच पुढे केली. तिने हातातलं काम ठेवलं, दार ओढलं आणि आली. माझी पर्स मांडीवर घेऊन बसली. सगळा वेळ बटणांबद्दल बोलत होती. डोळ्यात सुई जाताना मी बटणांचा विचार केला. बरं झालं. पण तिचं पोट शिवणावर आहे, दर महिन्याला तिचा दिवस मोडायचा मला हक्क नाही.

रविवारी मामाला मीच सांगितलं. लेखी दिलं होतं, तेव्हा लपवणं बरं नाही. मग त्याच्यासमोर डावा डोळा झाकून पहिलं पान वाचलं, मथळे नव्हे, खालचं बारीकसुद्धा. सावकाश वाचलं, पण अडले नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, वाचतेस खरी. इंजेक्शनला मीच नेईन, पण तिथून सरळ माझ्याकडे, पुढच्या इंजेक्शनपर्यंत. पुढच्याच्या पुढे आणखी एक असतं, हे तोही जाणतो. वाईट नाही रे तो. त्याला मी दिसत असताना झोप लागते, मला माझ्या घरात लागते, एवढाच फरक.

मेळाव्याबद्दल तू तिन्ही पत्रांत चकार शब्द लिहिला नाहीस. तो झाला असणार आणि तू गेला नसणार. तुझा सगळा फेब्रुवारी नसलेला बाक शोधण्यात गेला, हे समजायला मला दोन डोळे लागत नाहीत. खेळ पुरा कर. पुढच्या वर्षी तेच लोक तेच डबे घेऊन येतील, जुन्या वस्तू जपणारी माणसं कुठे जात नाहीत.

पुढचं इंजेक्शन मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. सोबत कोण, असं पुन्हा विचारतील. डोळा बांधलेला असताना घरी कुणी जिना चढवायला लागतं, औषधाचे थेंब घालायला लागतं. रात्री पाणी हवं झालं तर भांडं कुठे आहे ते सांगायला लागतं. बाकी तुला काही करावं लागणार नाही. बोलावंही लागणार नाही, तू नाहीतरी बोलत नाहीस.

सवड झाली तर ये, असं मी आजवर पुष्कळांना लिहिलं. लिहायची रीत असते. कुणाला सवड झाली नाही, आणि मी ती रीतच समजून बसले. तुला तसं लिहीत नाही.

ये.

मावशी